नळीचं दुसरं टोक

"दाब," आप्पा म्हणाले.

मी पाय दाबला. माळावरची जुनी धावपट्टी समोर लांबवर पसरली होती. कडेचं वाळकं गवत संध्याकाळच्या उन्हात पिवळंधमक झालं होतं आणि पट्टीच्या पार टोकाला एक मोर निवांत चालला होता, त्याच्या बापाची जागा असल्यासारखा. गाडी सुटली. आधी नुसती ओढ, मग टर्बोची ती बारीक शीळ, आणि मग सगळा माळच माझ्याकडे सरकायला लागला. आत गोडसर वास भरला होता. आमची गाडी पेट्रोलवर नव्हे, उसाच्या मळीपासून काढलेल्या इथेनॉलवर चालायची. त्यामुळे तिच्या मागे गुऱ्हाळाबाहेर येतो तसा वास रेंगाळायचा. तो आला की मला सगळं थोडंसं स्वप्नात चाललंय असं वाटायचं. अजूनही वाटतं.

आणि त्या वासात, हेल्मेटच्या आत, मला तो आवाज ऐकू आला.

पत्र्याच्या डब्यात कुणी चार शेंगदाणे हलवावेत तसा. बारीक, कोरडा. इंजिनवाल्याच्या घरात वाढलेला कुणीही तो आवाज झोपेतही ओळखतो. सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगीची वाट न बघता आपलं आपणच पेटायला लागलं की तो येतो. त्याला नॉकिंग म्हणतात. तो थोडा जास्त वेळ चालला तर पिस्टनला भोक पडतं.

मी डोळ्याच्या कोपऱ्यातून आप्पांकडे पाहिलं. ते शेजारच्या सीटवर नेहमीसारखे माझ्याकडे तोंड करून बसले होते. कानात डॉक्टरचा स्टेथोस्कोप. त्याची रबरी नळी डॅशबोर्डातल्या भोकातून पुढे गेलेली, तिथे ती एका तांब्याच्या नळीला जोडलेली, आणि तांब्याच्या नळीचं चेपलेलं टोक इंजिनच्या ब्लॉकवर बोल्टने आवळलेलं. इंजिनच्या पोटात काय चाललंय ते सगळं या नळीतून कानात यायचं. त्यांचा उजवा हात माझ्या खांद्यावर होता. नॉक ऐकू आला की ते दोन बोटं दाबणार आणि मी पाय उचलणार, असं आमचं ठरलेलं होतं.

बोटं हलली नाहीत. शेंगदाणे वाढले. हात तसाच माझ्या खांद्यावर, चेहरा शांत. मी वाट बघितली, जेवढी बघवली तेवढी. मग आपल्याच मनाने पाय उचलला.

गाडी मोराच्या बरीच अलीकडे थांबली. मोराने मान वळवून पाहिलं आणि पुन्हा चालायला लागला.

"काय झालं?" आप्पांनी नळ्या कानातून काढल्या. "झ्याक चालली होती की. पाय का उचललास?"

"तुम्हाला..." मी म्हटलं आणि थांबले.

"काय मला?"

"काय न्हाई, आप्पा. मी भ्यालो."

कोल्हापुरात आम्ही बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतो, त्यामुळे त्यात काही नवल नव्हतं. नवल होतं ते मी भ्याले म्हणण्यात. आप्पा माझ्या हेल्मेटच्या काळ्या काचेकडे बघत राहिले. मी काच वर केली नाही, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं.

"वेग लई वाटला," मी म्हटलं. "उद्याच्या शर्यतीपुरता टर्बोचा दाब जरा कमी करूया का?"

आप्पांनी नळी गुंडाळून ठेवली. दार उघडून खाली उतरले आणि गवतात जाऊन उभे राहिले.

आप्पा म्हणजे माझे वडील, महादेव टिपुगडे. उद्यमनगरात आमचं वर्कशॉप होतं, पत्र्याचं, एका लेथचं. पण सांगली, निपाणी, बेळगावपासून माणसं इंजिनं घेऊन यायची ती लेथसाठी नव्हे, आप्पांच्या कानासाठी. चार मेकॅनिक चार गोष्टी सांगायचे आणि मग कुणीतरी म्हणायचं, टिपुगड्यांना ऐकवा. आप्पांनी ऐकलं की वाद मिटायचा. आमच्या घराला जी काही पत होती ती त्या दोन कानांवर होती, आणि ही गाडीही त्यांच्याच भरवशावर बांधलेली होती.

ते जरा सांगायला हवं. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनमध्ये जास्तीची हवा कोंबतो. कोंबलेली हवा पिस्टनने आणखी आवळली की ती तापते आणि अवेळी पेट घेते. म्हणून शहाणी माणसं टर्बोच्या इंजिनात कॉम्प्रेशन, म्हणजे ते आवळणं, बेताचं ठेवतात, आठपट, फार तर साडेआठ. अशा गाड्या टर्बो जागा होईपर्यंत मरगळलेल्या चालतात आणि मग एकदम उधळतात. आप्पांना ते पटायचं नाही. "टर्बो जागा हुईपतोर गाडीनं आजारी माणसागत का चालावं?" असं त्यांचं म्हणणं. त्यांनी अकरापट ठेवलं. इथेनॉल आत थंडावा धरतं, ठिणगीची वेळ केसाइतकी अचूक ठेवायची, आणि चूक व्हायला लागली तर ऐकणारा कान शेजारी हवा. या तीन गोष्टी असल्या तर अकरा चालतंय, असा त्यांचा हिशेब होता. उद्यमनगर हसत होतं. पिस्टन त्यांनी स्वतः लेथवर कापले होते आणि तो एकच संच होता.

"ह्यो संच फुटला तर मी लेथवर कापड घालतो," म्हणजे धंदाच बंद करतो, असं ते सगळ्यांसमोर बोलून बसले होते. आप्पा बोलले म्हणजे करणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

आणि त्या तीनातली तिसरी गोष्ट, ऐकणारा कान, नव्हती. हे त्या संध्याकाळी त्या माळावर फक्त मला ठाऊक होतं, निदान मला तसं वाटत होतं.

मुबारकचाचा लुनावरून आले. मुबारक शिकलगार, आप्पांचे जुने दोस्त. टर्बोला जोडणारे सगळे पाइप त्यांनी वेल्ड केले होते.

"थांबली का?" त्यांनी विचारलं.

"मी भ्यालो, चाचा."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मग गवतात उभ्या असलेल्या आप्पांकडे. "उजू भ्याली," ते म्हणाले. "शाळेत मास्तराला वर्गात कोंडून कडी घालून आलेली पोरगी. बरं. भ्याली तर भ्याली. चहा घे."

शर्यत दुसऱ्या दिवशी सकाळी होती. गाड्या ठेवायला धावपट्टीच्या कडेला एक मोठी शेड होती, तिथे आम्ही गाडी लावली. मी चहा घेऊन एका ड्रमवर बसले. लांबवर साखर कारखान्याचा धूर उभा होता, वारा नसल्याने तो नुसताच वर जात होता. आप्पा बॉनेटला टेकून बसले होते. माझं हेल्मेट त्यांच्या मांडीवर होतं, उलटं, आणि हातात खिशातला चाकू. ते आतल्या स्पंजाशी काहीतरी करत होते. मला वाटलं, मला टोचत असेल म्हणून कापत असतील. हेल्मेट शर्यतवाल्यांनी सक्तीचं केलं म्हणून आयत्या वेळी कुणाचं तरी मागून आणलेलं होतं. तोवरच्या सगळ्या चाचण्या मी डोक्याला ओढणी गुंडाळून, गाव उठायच्या आधी मोकळ्या रस्त्यावर केल्या होत्या.

त्यांना सांगायचं कसं, हे मला कळत नव्हतं. आणि न सांगावं तर उद्या संच फुटणार.

मला सारखं लहानपणचं आठवत होतं. शाळा सुटली की मी वर्कशॉपवर जायची. एखादं इंजिन सुरू असायचं, चाचा गाडीत बसून ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबून त्यावर ओझं टाकत असायचे, आणि आप्पा एका हाताने डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवत ठिणगीची वेळ बसवत असायचे. मला समोर उभं करायचे. "हितंच उभी ऱ्हा. हलू नगंस." आई म्हणायची, पोरीला कशाला त्या धुरात ठेवता. पण मला ते आवडायचं. घरात आम्ही पाच भावंडं, आई माझ्याकडे नीट बघायची ती वेणी घालताना, आणि तेव्हाही मागून. आप्पा मात्र त्या इंजिनपलीकडून माझ्याकडे असं टक लावून बघायचे की बाकी सगळं पुसट व्हायचं. जगात कुणी माझ्याकडे इतकं बघितलेलं नाही. मी मोठी झाले, कॉलेज झालं, तरी संध्याकाळी तिथे जाऊन उभी राहत होते ते त्यासाठीच, हे आता कबूल करायला काही हरकत नाही.

सकाळी उठले तेव्हा माळ नव्हताच. धुकं इतकं दाट होतं की शेडच्या बाहेर चार पावलांवर जग संपत होतं. कुठूनतरी उसाच्या चिपाडाचा वास येत होता. माणसांचे आवाज यायचे, पण माणसं दिसायची नाहीत. धुकं विरळ झाल्याशिवाय शर्यत सुरू होणार नव्हती. आप्पांची आंघोळ झालेली होती, कपाळाला अंगारा होता.

"हेल्मेट ऱ्हाऊ दे तिकडं," ते म्हणाले. "ये. हितं उभी ऱ्हा."

त्यांनी गाडीची पुढची चाकं उचलून घेतली होती. चाचा आत बसले, गिअर टाकला, ब्रेकवर पाय दाबून इंजिन ओढायला लागले. शेडचे पत्रे थरथरले. धुक्यात तो गोडसर वास पसरला. आप्पांनी डिस्ट्रिब्युटर हातात धरला आणि माझ्याकडे पाहिलं, तसंच, लहानपणापासून बघायचे तसं. मी आज चेहरा दगडासारखा ठेवायचं ठरवलं होतं. का ते नीट सांगता येणार नाही. त्यांच्यापासून काही लपवतेय म्हणून असेल.

ते फिरवत गेले, मुंगीच्या पावलाने. इंजिनचा सूर चढत गेला. मग शेंगदाणे हलले, एकदाच, अगदी हलके.

आप्पांचा हात त्याच क्षणी मागे फिरला.

मला एकदम बरं वाटलं. म्हणजे ऐकू येतंय. काल काहीतरी दुसरंच झालं असेल, नळी निसटली असेल. मी हसणार होते, तेवढ्यात मला स्टेथोस्कोप दिसला. तो त्यांच्या कानात नव्हता. मडगार्डवर गुंडाळून ठेवलेला होता.

"आप्पा," मी ओरडून म्हटलं, "नळी कानात न्हाई तुमच्या."

"नसू दे."

"मग कसं कळलं?"

त्यांनी हाताने चाचांना खूण केली. इंजिन बंद झालं. अचानक इतकी शांतता झाली की धुक्यातून पत्र्यावर पडणारे थेंब ऐकू येऊ लागले.

"तुझी डावी भुवई," आप्पा म्हणाले. "त्यो आवाज आला की वर जाती. एवढुशी. तुला ठाऊक नसंल."

मी हात भुवईवर नेला.

"कधीपासून?"

"तू सातवीत हुतीस." त्यांनी बोटं फडक्याला पुसली. "पैल्यांदा चिमण्या गेल्या. मला वाटलं, चिमण्याच कमी झाल्यात. मग तुझ्या आईच्या बांगड्या गेल्या. मग ह्यो. माणसांचं बोलणं येतंय, इंजिनचं जाड काम सगळं येतंय. बारीक तेवढं न्हाई. एकदा तू दप्तर घिऊन हितं समोर उभी हुतीस, आणि तुझी भुवई गेली वर. मी सहज हात मागं घेतला. ते बरोबर निघालं. मग तुला रोजच उभं करायला लागलो."

"चाचांना ठाऊक हाय?"

चाचा गाडीतून उतरून बिडी पेटवत होते. "मला काय ठाऊक नसतंय," ते धुक्याकडे बघत म्हणाले. "मी फक्त ब्रेक दाबतो."

"काल त्या काळ्या काचंत तू दिसली न्हाईस," आप्पा म्हणाले. "मी आपला बघत बसलो. तू पाय उचललास तवा कळलं की आवाज आलाय. आणि भ्यालो म्हणालीस तवा कळलं की तुलाबी कळलंय."

मी त्यांना माफ करायला हवं होतं, त्यांची कीव यायला हवी होती. तसं काही झालं नाही. मला राग आला, लहान मुलीला येतो तसा. शाळा सुटल्यावरच्या त्या सगळ्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या, आणि प्रत्येकीतून काहीतरी कमी होत गेलं.

"म्हणजे तुम्ही माझ्याकडं बघतच नव्हता," मी म्हटलं. "आवाजाकडं बघत हुता."

 चाचा बिडी ओढायचे थांबले.

मग आप्पा वाकले आणि डॅशबोर्डाखालून रबरी नळी बाहेर ओढली. ती नवी होती, कालच्यापेक्षा लांब, माझ्या सीटपर्यंत सहज पोचणारी. हेल्मेटच्या आतल्या स्पंजात डाव्या कानापाशी त्यांनी चाकूने खाच कोरली होती. नळीचं टोक त्यात बरोबर बसलं.

"मी येत न्हाई. आत तू एकटीच असणार," ते म्हणाले. "कान तुझाच हुता, नळी उगंच माझ्याकडं." मग हेल्मेट माझ्या हातात देऊन, "दाब कमी करायचा का? तू सांग."

ते कुणाला असं विचारताना मी कधी ऐकलं नव्हतं. माझा राग गेला नव्हता, पण इंजिनाच्या बाबतीत रागाने उत्तर देता येत नाही, हे त्यांनीच शिकवलं होतं.

"दाब ऱ्हाऊ दे," मी म्हटलं. "टायमिंग केसभर मागं घ्या. पुढचं मी बघतो."

त्यांनी केसभर मागे घेतलं. माझ्याकडे न बघता.

धुकं कंबरेपर्यंत उतरल्यावर आमचा नंबर आला. गाडी ओळीत उभी होती आणि तिची चाकं दिसत नव्हती, ती ढगात उभी असल्यासारखी वाटत होती. मी हेल्मेट घातलं. काळी काच खाली केली. कानात नळी होती.

मी आयुष्यभर इंजिनं बाहेरून ऐकली होती. आतून हे असं असतं हे मला माहीत नव्हतं. तिथे गडगडाट नव्हता. खूप माणसं एका मोठ्या वाड्यात अनवाणी धावत असावीत तसा एक मऊ, भरगच्च आवाज होता, आणि त्याच्या तळाशी पाणी वाहत होतं. हे सगळं आप्पांना एके काळी ऐकू येत होतं. ते गेलं तेव्हा त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर उद्यमनगरातला पत्र्याचा दरवाजा त्याच दिवशी बंद झाला असता आणि आम्हा पाच जणांच्या शाळाही.

हिरवं निशाण खाली आलं. मी पाय दाबला.

गाडी सुटली ती पहिल्या क्षणापासून जिवंत होती. आप्पांचं अकरापट तिथे होतं, टर्बोची वाट न बघता. मग शीळ आली, धुकं फाटून दोन्ही बाजूंना गेलं, कालचं गवत पांढरं होऊन वाहू लागलं. मी वेगाकडे लक्ष दिलं नाही. मी ऐकत होते. दुसरा गिअर, तिसरा, ती अनवाणी माणसं जिवाच्या आकांताने धावत होती पण त्यांच्यात कुणी पडत नव्हतं. चौथ्यात, पट्टी संपत आली असताना, एक शेंगदाणा हलला. एकच. माझी भुवई वर गेली. ती गेलेली मला आयुष्यात पहिल्यांदा कळली.

मी अंगठ्याइतका पाय सोडला. आवाज गेला. पुन्हा दाबला. आला नाही. आणि मग निशाणं मागे पडली, आणि समोर फक्त धुकं उरलं.

आमच्या गटात आम्ही दुसरे आलो. पुढच्या आठवड्यात इंजिनचं हेड खोललं तेव्हा चारही पिस्टन कापले त्या दिवशी होते तसे गुळगुळीत होते. उद्यमनगर बघायला आलं होतं. आप्पांनी लेथवर कापड घातलं नाही. त्यांनी फक्त इंजिनं ऐकायला माझ्याकडे पाठवायला सुरुवात केली, आणि कुणी विचारलं तर सांगायचे, माझं आता वय झालं. ते वर्कशॉप आजही आहे. तिथे लोक टिपुगड्यांना ऐकवा म्हणतात तेव्हा ते माझ्याविषयी बोलत असतात.

पण त्या सकाळी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी पट्टीच्या टोकाशी, काल मोर होता त्या जागी, गाडी थांबवली आणि चावी फिरवली. नळीतला आवाज एकेक करत विझला. शेवटी तापलेलं लोखंड थंड होताना करतं ती टिकटिक उरली, मग तीही थांबली. मी हेल्मेट काढून मांडीवर घेतलं आणि बसून राहिले. मला रडायचं होतं, पण ते कशासाठी हे ठरत नव्हतं.

धुक्यातून कुणीतरी चालत येत होतं. सगळी धावपट्टी चालत. चाचांची लुना असताना चालत का, असं माझ्या मनात आलं. आप्पा जवळ आले, धापा टाकत होते, धोतराचा काठ दवाने भिजला होता. त्यांनी बॉनेट उघडलं नाही. पिस्टनचं काय झालं ते विचारलं नाही. माझ्या बाजूच्या दारापाशी आले, खिडकीच्या काठावर दोन्ही हात ठेवले, वाकले, आणि माझ्याकडे बघायला लागले, तसंच, बाकी सगळं पुसट होईल असं.

"आप्पा," मी म्हटलं, "इंजिन बंद हाय."

"ठाऊक हाय," ते म्हणाले, आणि बघत राहिले.